ठोकळा

तीन दाबांत थांबायची आमची मॅटाडोर.
पहिला दाब पोकळ,
दुसऱ्यात ड्रम किरकिरायचे,
तिसऱ्याला आली तर यायची.

धारूरच्या घाटात केरबामामा
दुसऱ्या गिअरात, ओठ आवळून,
मी दाराशी, दार अर्धं उघडं,
मांडीवर बाभळीचा ठोकळा.
मामा नुसतं "हां" म्हणायचे
की मी खाली, ठोकळा चाकापुढं.
अकरा वर्षं हेच माझं काम.
मंडपाचे पाईप काय, कुणीही उचलतं.

मागच्या लग्नसराईत ठोकळा निसटला.
गाडी थांबली ती म्हशीपासून हातभर.
म्हैस हललीसुद्धा नाही.
मामा रात्री जेवले नाहीत.

मग तेलगावला गौस मिस्त्रीनं
भंगारातल्या पिकअपच्या डिस्क आणल्या पुढच्या चाकांना,
कढईएवढा काळा बूस्टर,
डायनामोच्या पाठीला व्हॅक्यूमचा पंप.
दोन दिवस गाडी बिनचाकाची, विटांवर.
मामा शेजारी उकिडवे:
"जुनं इंजिन हाय, झेपंल का?"
"इंजन को क्या पूछना मियाँ,
रुकना तो पाँव का काम हय."

हवा काढायला मला बसवलं.
दाब. धर. सोड.
दाब. धर.
नळीतून बाटलीत बुडबुडे,
आधी बोराएवढे, मग मोहरीएवढे,
मग नुसतं तेल.
"एवढी हवा होती व्हय पायाखाली,"
मामा म्हणाले
आणि बराच वेळ बाटलीकडं बघत बसले.

घाटातल्या पहिल्या वळणाला
त्यांनी सवयीनं तीनदा मारायला पाय टाकला.
पहिल्यातच गाडी जागेवर!
मागची पातेली, झारे, पराती
पंगत उठल्यासारख्या केबिनवर येऊन आदळल्या,
माझं कपाळ काचेला.
"हां," मामांच्या तोंडून गेलं,
आणि मी खाली.
उभ्या गाडीपुढं, ठोकळा हातात.

"तुला कुठं उतर म्हणलं?"
"हां म्हणलात की."
"ते गाडीला म्हणलं रे."

आता ठोकळा सीटखाली असतो.
टायरची नक्षी उमटलीय त्यावर, एक कोपरा उडालाय.
जेवायला थांबलो की त्यावर डबा ठेवतो.
उतार लागला की मात्र अजून
माझ्या पायाची बोटं चपलेत आवळतात.
ह्यांची हवा काढायला
बाटली कुठं लावायची,
गौसभाईला एकदा विचारायचंय.