सातवी बेंच

तिकीट साठ रुपये, लाइफ जॅकेट त्यातच.
हंस दोघांचा, बदक चौघांचं.
फायबरचे आहेत. कोल्हापूरहून टेम्पोत उताणे आले
तेव्हा अर्धा गाव रस्त्यावर उभा होता,
आणि पुरसो म्हणाला, बघा,
पहिल्यांदाच गावात गाडी भरून आली.
एरवी भरून जायचीच.

मी हंस ढकलतो धक्क्यावरून.
पूर्वी टिपर चालवायचो, ह्याच खड्ड्यात.
बेंच मोजत उतरायचं: पहिली, दुसरी, तिसरी…
सातवीवर ऊन अकराला पोचायचं
आणि दोनला निघून जायचं.
दहा टन तांबडी माती पाठीवर घेऊन
पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर,
मग नदी, बार्ज, बंदर,
आणि कुठल्याशा देशात आमचा डोंगर
पूल होऊन उभा असेल. असेल बापडा.

खाण बंद झाली, तेव्हा इनासने पंप बंद केला.
एवढंच.
कोनशिलेवर लिहिलंय 'तळे बांधले', तारीख, नावं.
तळं कुणी बांधलं नाही.
एका माणसाने एक खटका खाली ओढला
आणि पाणी चढत आलं, रात्रंदिवस, बिनआवाजाचं,
एक्स्कॅव्हेटरच्या चाकोऱ्या, वॉचमनची खोपी,
भिंतीवर खडूने लिहिलेल्या माझ्या फेऱ्यांचा हिशेब
एकेक करून पुसत.

पणजीच्या साहेबाने नकाशावर निळं बोट फिरवलं,
म्हणाला, चाळीस जणांना रोजगार.
आम्ही अकरा आहोत. रविवारी चौदा.
पण खोटं कशाला बोलू,
माझ्या टिपरचा शेवटचा हप्ता ह्या हंसाने फेडला.
टिपर घरामागे उभा आहे,
त्याच्या हौद्यात दुधी चढलाय,
बायको शिडी लावून काढते.

उद्घाटनाला नारळ फोडले.
राखणदाराला रोट, विडी आणि उर्राक ठेवली,
कुठे ठेवायची, ह्यावर थोडी कुजबुज झाली.
त्याचा दगड चौथ्या बेंचच्या जागी होता.
कुणाच्या गाडीतून गेला
हे मला माहीत आहे. विचारलं नाही कुणी.

पर्यटक विचारतात, काका, खोल किती?
मी म्हणतो, भरलेली गाडी, बावीस मिनिटं.
ते हसतात. फोटो काढतात.
हंसाची मान मधे येते.

काल तिकीटघर बंद केल्यावर सत्यवती आली,
रस-ऑम्लेटच्या गाड्यावरची.
हातात कळशी. म्हणाली, मधे ने.
पैसे देऊ लागली, मी घेतले नाहीत,
मग ती म्हणाली, घे, हिशेब नको बिघडायला. घेतले.

पाय मारत गेलो. तिला पेडलची सवय नाही,
हंस गोल गोल फिरत राहिला.
कितवी बेंच होती तेव्हा, तिने विचारलं.
कधी?
आमची विहीर आटली तेव्हा.
मला आठवत होतं. पाचवी.
सकाळी पाचवीच्या भिंतीतून पाणी फुटलं होतं
हाताएवढं, गार,
आम्ही सगळे ड्रायव्हर त्यात तोंड धुऊन हसलो होतो,
आणि वर वाड्यावर त्याच आठवड्यात
तिचा दोर कोरडाच वर आला.

तिने कळशी बुडवली.
ओंजळभर प्याली, तोंडात घोळवत,
जसं लग्नात सासरच्या माणसांत
माहेरचं कोणी आहे का, ते बघावं.
लोखंड लागतंय, म्हणाली.
मग पुन्हा प्याली.

मी काही बोललो नाही.
आमच्या खाली सगळा रस्ता होता, वळणं होती,
चौथ्या वळणावर हॉर्न द्यायचा असा नियम होता.
हंसाला हॉर्न नाही.

चल, म्हणाली, पाव सादळतील.
कळशी मांडीत धरून बसली,
साठ रुपयांचं पाणी
एक थेंब न सांडता.