जिऱ्याच्या गोदामात

सियागंजात रात्री साडेदहानंतर
हातगाड्या भिंतीला उभ्या टेकवतात,
तेव्हा आम्ही आत शिरतो.
गोदाम मुक्ताच्या मामाचं.
एकशे चाळीस पोती जिरं, साठ धने,
कोपऱ्यात कुणीच न नेलेली बडीशेप.
मी टाळी वाजवून पाहिली.
टाळी गेली ती परत आलीच नाही.
अशी खोली मला आकाशवाणीत
एकतीस वर्षांत मिळाली नव्हती.

मुक्ता रेशीमवाले, आणि तिच्याहून वीतभर उंच तिचा बास.
महूहून ऑस्बर्ट, त्याचा कीबोर्ड इस्त्रीच्या टेबलावर.
ड्रमवर चौकसेंचा मधला, गुड्डन.
आणि सॅक्सोफोनवाला फरीदुद्दीन,
जो बावीस वर्षं वरातींपुढे चालला.
त्याला अजून एका जागी वाजवता येत नाही,
पाय निघतात, माईक मागे राहतो.
म्हणून मी फरशीवर खडूनं चौकोन आखला:
भिया, याच्या बाहेर लग्न,
आत रेकॉर्डिंग.

माईक तीनच.
एक बासच्या घोडीपाशी, पंचात गुंडाळलेला.
एक ड्रमच्या दोन हात वर.
तिसरा मधोमध, सगळ्यांचा.
ज्याला मोठं व्हायचंय त्यानं पाऊलभर पुढे यावं,
ज्याला ऐकायचंय त्यानं मागे.
मी नंतर बटणं फिरवून कुणाला वाढवणार नाही.
हे भांडून ठरलं.
ऑस्बर्ट म्हणत होता, एकेकाला वेगळं घेऊ,
कानाला हेडफोन लावून, हल्ली तसंच घेतात.
मुक्ता म्हणाली, मग मी बघू कुणाकडे?

पाचाची लय. गुड्डन आकडे मोजत नाही,
पो-हे-ज-ले-बी म्हणतो मनात,
ओठ हलतात.

पहिला टेक धन्यांच्या धुळीनं शिंकेत गेला.
दुसरा बरोबर आला. इतका बरोबर
की संपल्यावर कुणी काही बोललं नाही,
चहा मागवला.

तिसऱ्यात फरीद
कोमल निषाद आणि शुद्ध निषाद यांच्या मधे उभा होता,
जिथे पेटीला पट्टीच नाही,
तेव्हा शेजारच्या गोदामाचं शटर पडलं.
लाल दिवा लागला. ऑस्बर्टनं हात उचलले.
पण गुड्डनच्या काठीनं ते शटर झेललं
बरोबर "ले" वर,
मुक्ताचं बोट खालच्या तारेवर सरकलं,
आणि फरीद खडूची रेघ पुसत बाहेर पडला,
पोत्यांच्या गल्लीतून पार बडीशेपेपर्यंत गेला
आणि वाजवतच परत आला.
टेकमध्ये ऐकू येतं ते:
सूर लहान होतो, कोपरा वळतो, मोठा होतो.

आकाशवाणीत माझ्या हातात पातं असायचं.
टेपवरून खोकले कापायचो, खुर्च्यांची कुरकुर.
एकदा दमयंतीबाईंचा श्वास कापला, अंतऱ्याआधीचा.
गाणं स्वच्छ झालं.
बाई ऐकून म्हणाल्या, मी इथे मेले होते का?
त्या तुकड्यांचा डबा खूप वर्षं कपाटात होता.
निवृत्तीच्या दिवशी मी त्याचं काय केलं,
आठवत नाही.

शटर ठेवायचं की काढायचं, ठरलेलं नाही.
ऑस्बर्टचा रोज फोन येतो.
त्याचंही चूक नाही,
त्याच्या हातांची दोन आवर्तनं त्याखाली रिकामी गेली.

निघण्याआधी मी म्हटलं, एक मिनिट कुणी हलू नका,
नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचाय,
सांधे बुजवायला लागतो.
चौघं जिथल्या तिथे.
झांजेची थरथर गेली, मग
ती गेल्याचं कळणंही गेलं.
कुठल्यातरी पोत्यात जिरं
आपल्याच वजनानं जरासं खाली बसलं.
फरीदच्या पोटात गुरगुरलं,
कुणी हसलं नाही.
छप्पन्न, सत्तावन्न.
गुड्डनचे ओठ अजून हलत होते.
साठ होऊन गेले,
माझं बोट बटणावर होतं.