हारु

पार्सल आलं तेव्हा मी लेथवर होतो,
हात कूलंटनं पांढरे.
मडिवाळनं माझ्या नावाची सही केली, कन्नडात,
आणि खोकं टूलपोस्टशेजारी ठेवलं.

आधी व्हर्निअर लावला.
ॲल्युमिनियमची डबी, कडा अशा मारलेल्या
की बोटाला कळू नयेत. बटणाची चाल पाव मिलिमीटर.
उद्यमबागेत बावीस वर्षं काढली की
दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवायची सवय लागते.
इथं जागा सापडली नाही.

आत काय आहे ते मला नीट सांगता येणार नाही.
जुन्या मशीनची तार न् तार
नव्या चिपमध्ये पुन्हा आखलीय म्हणे,
चिपला वाटतं, आपण तीच.
असेल. माझ्याकडे फक्त एक कॅसेट होती,
शिवणाच्या डब्यात, सुट्या गुंड्यांबरोबर तीस वर्षं,
लेबल सोलवटलेलं.
फुंकर मारली. आता लागत नाही म्हणतात.
तरी मारली.
बसली. कट्ट.

शहापुरात मलिकजान घडीवाल्याच्या पायरीवर
असली डबी भाड्यानं मिळायची.
दहा मिनिटं, आठ आणे.
त्याच्या भावानं कुवेतहून आणलेली,
एक कोपरा कशानं तरी वितळलेला.
पडद्याला उजेड नव्हता,
ऊन सरकेल तसे आम्ही पायरीवर सरकायचो.
माझे चार आणे, निंगव्वाचे चार आणे.
चालणं तिच्याकडे, उडी माझ्याकडे.
ती कन्नड शाळेत, मी मराठी;
गल्ली एक, घंटा दोन.
पडद्यावरची अक्षरं जपानी,
ती घडीवाल्यालाही येत नव्हती.
शहरात पाट्यांना डांबर फासलं जायचं ते दिवस.
ह्या पाटीवरून कुणी भांडलं नाही.

पहिल्या खड्ड्यापाशी ती ओरडली, "हारु!"
मला वाटलं, हार म्हणतेय.
मी अंगठा काढून घेतला.
गेलो खड्ड्यात. तिनं दंडाला चिमटा काढला,
मग पायरीवरून स्वतः उडी टाकून दाखवली,
दोन्ही वेण्या वर :
"हारु! हारु!"

हा माझा पहिला कन्नड शब्द.
पुढे शाळेनं पुष्कळ शिकवले, लिहायला, मार्कांना.
हा एवढाच पायात गेला.

दुकान मोडताना मलिकजाननं कॅसेट माझ्या हातावर ठेवली,
"डबी तर मेली. हे घे."

निंगव्वा गेल्या वर्षी एका लग्नात भेटली, जेवणाच्या पंगतीत.
डबी तिला आठवेना.
घडीवाल्याची शेळी आठवत होती,
पायरीवर यायची, शर्टाची बाही चघळायची.
मला शेळी आठवत नाही.
बराच वेळ आम्ही कुंद्याबद्दल बोललो.

नव्या डबीत एक सेटिंग आहे :
पडदा जुन्यासारखा हिरवट करायचा,
पळणाऱ्या माणसामागं पुसटशी सावली राहील असा.
म्हणजे दोष होता तोच, मोजून परत घातलाय.
आमच्याकडे असा पीस रिजेक्टच्या पेटीत जातो.
मी तेच सेटिंग ठेवलंय.

जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये बसतो, पत्र्याखाली.
पडद्याला आता स्वतःचा उजेड आहे,
खरं हात अजून तिरका होतो.
(आम्ही "पण"ला "खरं" म्हणतो.
त्यानं काही खरं होतं असं नाही.)

"वाकडी का धरताय?" मडिवाळ विचारतो.
उन्हासाठी.
तो पत्र्याकडे बघतो.

मग तो खड्डा आला. तोच. मला माहीत होता.
मडिवाळ खांद्यावरून वाकला आणि ओरडला,
"हारु!"

मी थांबलो. किती वेळ ते सांगता येत नाही,
व्हर्निअर असल्या कामाला चालत नाही.
माणूस खाली गेला.

मडिवाळला वाटलं, मालकांना कळलं नाही.
डब्याचं झाकण लावत त्यानं मराठीत सांगितलं,
"उडी मारायची की हो तिथं."