आजच्यापुरतं

पहाटे होड्या लागतात न्खाता बेच्या वाळूला,
कंदील विझलेले, मच्छीमारांचे डोळे तांबारलेले.
मी घासाघीस करून बादली घेते.
करंगळीएवढी उसिपा,
बादलीत अजून सळसळणारी.
दोन तासांत ऊन मिळालं नाही
तर तिला वास सुटतो.
माझी सगळी श्रद्धा या दोन तासांतली आहे.

रविवारी अबुसा सांगतात, विश्वास म्हणजे कातळ.
असेल. त्यांच्या घरावर पत्रा आहे.
माझा विश्वास मासळी वाळवायच्या मांडवासारखा:
चार खुंट, वर बोरूची चटई,
दर पावसाळ्यात वाळवी लागणार,
दर पावसाळ्यानंतर पुन्हा बांधायचा.
बांधताना बोटं चिरतात. त्यालाच मी
सकाळची प्रार्थना म्हणते,
कारण गुडघे टेकायला तेव्हा वेळ नसतो.

मागल्या जूनमध्ये म्वेरा वारा उठला.
सरोवराने होड्या काठावरच अडवल्या.
पाच दिवस आभाळ ओल्या गोणपाटासारखं डोक्यावर.
माझ्याकडे तीन बादल्या, तिन्ही उधारीच्या.
त्या रात्री मी देवाशी नीट बोलले नाही.
म्हणाले, तू पाण्यावरून चाललास ना,
मग ढग जरा बाजूला सरकवायला
असे कितीसे कष्ट?
तो काही बोलला नाही.
छपरातून ठिबकत राहिलं.

पहिल्या बादलीत अळ्या झाल्या.
दुसरी मी केळीच्या बुंध्याशी पुरली,
कुणाला दिसू नये म्हणून अंधारात.
तिसरीला धरून बसले होते, तर दारात न्यामाझिबुको.
दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं,
एका कोंबडीवरून, आणि ती कोंबडीही कधीच मेली.
दारातूनच म्हणाली,
माझी धुराची भट्टी रिकामी पडलीय.
आणतेस, की तिथेच बसून उबवणार आहेस?

रात्रभर आम्ही ओली लाकडं फुंकली.
ती खोकली, मी खोकले.
पहाटेकडे तिने एक स्तोत्र धरलं, अर्ध्यात विसरली,
पुढचं मला आठवलं.

एक बादली वाचली. दोन गेल्या.
उधारी ऑक्टोबरपर्यंत फेडत होते.
याला मी चमत्कार म्हणत नाही.
चमत्कार झाला असता तर ऊन पडलं असतं,
तिन्ही वाचल्या असत्या,
आणि ती तिच्या घरी, मी माझ्या.

माझा लुसुंगु जोहान्सबर्गला आहे.
दर शनिवारी फोन यायचा.
सात शनिवार झाले.
खिडकीत, मिठाच्या डब्यावर फोन ठेवते,
तिथेच काय ती रेंज येते.
या सात शनिवारांचा अर्थ मला कुणी समजावू नये,
अबुसांनीही नाही.
मी फक्त दुकानातून फोन चार्ज करून आणते,
आणि त्याचं ताट मांडत नाही,
पण धुऊन ठेवते.

देवाकडे मी आता वर्षाचं मागत नाही.
वर्ष मोठं असतं, मांडवावर मावत नाही, नासतं.
आजच्यापुरतं मागते, बादलीभर,
आणि पसरते, पातळ, एकावर एक येऊ न देता.
थोड्या थोड्या वेळाने उलटते,
कावळ्यांना हाकलते,
एखाद्याला नेऊ देते.

आज पुन्हा डोंगरामागे काळं दिसतंय.
न्यामाझिबुको कुंपणापलीकडून विचारते,
काय गं, पसरू का?
मी आभाळाकडे बघते, मग चटईकडे.
पसर, म्हणते,
आणि माझी बादली उचलते.