आस

जाळ्याच्या एका डोळ्याला आस म्हणतात.
पुल्लिंगी. आसाचा आकार, आस फाटला, आस विणला.
दुसरी ती आस, जी लागते,
तिचं आणि जाळ्याचं काही नातं नसावं
असं मला वयाच्या साठीपर्यंत वाटत होतं.

बंदीचे दिवस. सर्जेकोटला होड्या झापांखाली,
इंजिनं उघडून डिझेलात बुडवलेली.
सोसायटीच्या पडवीत खात्याचा एक पोरगा आला,
रेनकोट निथळत, काखेत लाकडी पट्टी.
पट्टीवर मासे रंगवलेले,
पापलेट इथून इथवर, बांगडा इथवर,
सुरमईला पट्टी पुरली नव्हती, जोडपट्टी ठोकलेली.
याहून लहान मारायचा नाही, म्हणाला.

मागून बाबल्या आडकर:
"मेल्यार मोजून काय फायदो? तेका पट्टी कळता?"
सगळी पडवी हसली. पोरगाही हसला.
मग पट्टी भिंतीला टेकवून म्हणाला,
"म्हणून तर आस बदला."

आमचा आस शंकरपाळ्यासारखा.
ओढ बसली की मिटतो, पापणीसारखा,
आत आलेलं मग काहीच सुटत नाही.
चौकोनी आस ताणातही उघडा राहतो.
हे त्याने बुटाच्या नाडीने करून दाखवलं.
मी चाळीस वर्षं जाळं ओढतोय,
बुटाची नाडी मी घातलेली नाही.

एके वर्षी पेडवे एवढे लागले
की विकून, वाटून, सुकवून उरले
ते माडांच्या आळ्यांत पुरले.
वास महिनाभर. माणसं नाक धरून हसत होती.
पुढच्या साली थोडे कमी, त्याच्या पुढे अजून कमी,
आणि आम्ही आस लहान करत गेलो.
आधी अंगठा जायचा, मग करंगळी,
शेवटी उदबत्तीची काडी.
नखाएवढी पापलेटं फावड्याने भरायचो
कारखान्याच्या टेम्पोत.
दर किलोला किती, ते आठवतं. सांगणार नाही.

दुर्गा बैठकीत कधी बोलत नाही.
त्या दिवशी टोपली खाली ठेवून बोलली.
"रात्री थय भायर उजेड दिसता. गाव पेटल्यासारखो.
दिवे लावन पाण्यातला सगळा वर काढतत.
त्येंचो आस कोण मोजतलो?"
पोरगा वहीत बघत राहिला.
गस्तीची बोट एक आहे, म्हणाला,
ती सध्या दुरुस्तीला आहे.

ठराव झाला तरीही. एकोणीस हात वर,
अकरा खाली, बाबल्याचा अर्धा.
खाडीच्या तोंडावरचं खडप दोन वर्षं सोडायचं,
खोळीला चौकोनी पट्टा शिवायचा.
मी तीन आठवडे शिवला.
सूनबाई कर्जाचे हप्ते मोजत होती, मी घरं मोजत होतो.
प्रत्येक घरात अंगठा घालून बघत होतो.

नारळ सोडला, पाण्यात गेलो.
चौदा वाव खोल. जाळं वर आलं
तेव्हा हाताला हलकं लागलं.
भाचा माझ्याकडे बघेना.
काय निसटलं ते कुणाला दिसलं नाही,
निसटलेलं दिसत नसतं,
खाली कुठेतरी काळोखात
बोटाएवढं काहीतरी पुढे निघून गेलं असेल,
किंवा नसेलही. दोन टप कमी भरले.
डिझेल तेवढंच जळलं.

रात्री परत येताना बाहेर तो उजेड होताच.
आम्ही कुणी त्याचं नाव घेतलं नाही.
दीपस्तंभ सोडून भाचा उगाच त्याच्याकडेच बघत होता,
मी म्हटलं, सुकाणू सांभाळ.

धक्क्यावर दलाल बॅटरी मारत उभा.
लांबूनच ओरडला,
"लवू तांडेल, मासो आसा?"

मी दोर फेकला. तो त्याने झेलला.
"आसा," म्हटलं.