गृहीत

जुलैतला शनिवार. कुरितिबात गवतावर हिव.
चांभाराच्या दुकानावरची भाड्याची खोली,
आम्ही पाच जण, सात लॅपटॉप,
त्यांतले दोन नेमके कुणाचे, कुणालाच आठवत नाही.
शेगडीवर पाइनच्या बिया उकळतायत,
कडू काढ्याचा तुंबा हातोहात फिरतोय,
आणि मुद्दा एका ओळीचा:
पुढच्या आवृत्तीत आवाज कुणाच्या ताब्यात द्यायचा?

पल्सऑडिओ आहे तो आहे.
इतकी वर्षं शिव्या देऊन देऊन
त्याच्याशी घरोबा झालाय.
पाइपवायर कानामागून आलेला,
आणि तिखट झालाय, हे तादेउच्या तोंडावर दिसतंय.

तादेउ पालिकेच्या शाळांतली जुनी यंत्रं सांभाळतो,
बोटांना कायम सोल्डरचा वास.
"चालतंय त्याला हात लावू नका.
माझ्या पोरांना सेटिंग म्हणजे काय ते ठाऊक नाही.
तुम्ही जे द्याल, तोच त्यांचा संगणक."

आदेमार अकॉर्डियन रेकॉर्ड करतो,
मिलिसेकंद मोजतो सोनार गुंज मोजतो तसा.
भाता दाबला आणि सूर हेडफोनात पोचला
या दोन्हींमधली फट त्याला डोळ्यांनी दिसते.
"त्या फटीत माझा डावा हात मरतो," म्हणतो.

कासियानोने तक्ता करून आणलाय.
तक्त्यात सगळेच जिंकतात.

झुल्मीरा इतका वेळ बियांची सालं काढत होती.
दर आवृत्ती सगळ्यांच्या आधी तीच तपासते;
तिला जन्मापासून दिसत नाही.
"यंत्र सुरू होतं," ती म्हणाली,
"लॉगिनचा पडदा माझ्याशी बोलतो. मी पासवर्ड टाकते.
मग तो बोलणारा उंबरठ्यावरच बसून राहतो
साउंड कार्ड मुठीत धरून,
आणि आत माझ्यासाठी ठेवलेला आवाज मुका.
कधी अकरा सेकंद.
कधी मी बटण दाबून सगळं बंद करेपर्यंत.
तेवढ्यात मला कळत नाही
यंत्र मेलंय, की माझी वाट बघतंय.
तुम्ही लेटन्सी म्हणता ती हीच का?"

तुंबा आदेमारच्या हातात थांबला.

मग आम्ही सगळे पडदे भिंतीकडे फिरवले.
पाइपवायर. सुरू. लॉगिन बोललं, तिने टाइप केलं,
आतला आवाज लगेच आला,
आणि त्याच्याखाली आदेमारची धून,
दोघं एकमेकांच्या अंगावर न जाता,
अरुंद बोळात समोरासमोर आलेली माणसं
खांदा तिरका करून निघून जातात तशी.

सातवं यंत्र मात्र खरखरलं,
ओल्या लाकडासारखं.
"बघा," तादेउ म्हणाला. आनंदाने नाही.

आमच्या डिस्ट्रोला नाव दिलंय ग्राल्या,
इथल्या निळ्या पक्ष्याचं.
तो बिया पुरतो आणि कुठे ते विसरतो, म्हणे,
आणि त्या विसरण्यातून पाइन उगवतात.
आपलंही तसंच, मी म्हणाले,
कुणासाठी काय पुरतोय, कळणार थोडंच.
झुल्मीरा म्हणाली, "पक्ष्याला विसरणं माफ आहे."

संध्याकाळी मी एक शब्द खोडला, एक लिहिला.
तादेउच्या यंत्रांसाठी जुनी वाट उघडी ठेवली.
इतिवृत्तात त्याने आपल्या नावापुढे
"असहमत" लिहायला लावलं,
शुद्धलेखन तपासून घेतलं,
आणि पहिला पेनड्राइव्ह स्वतःच तयार करायला बसला.

ऑक्टोबरात आवृत्ती गेली.
कुणी काही लिहिलं नाही.
आवाज येतोय, असं कोण कळवतं?

एकच तक्रार आली, ग्वारापुआवाच्या एका शाळेतून:
बराच वेळ शांतता असली की
स्पीकर जागा होताना "टक्" वाजतो.
मुलं दचकतात, मग हसतात.
बाईंनी खाली लिहिलंय, तातडी नाही,
मुलं तर म्हणतात राहू द्या.

ते टक् मी अजून शोधतेय.