वारो खंयसून जाता

दाणोली मागे पडली की तिसऱ्या वळणावर
काटा लाल पट्टीच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो,
वसुलीला आलेल्या माणसासारखा.
मी गिअर उतरवते, काच उतरवते,
शेवटी स्वतःच उतरते
आणि चाकामागे दगड लावते.
ट्रकवाले थांबून विचारतात, "पाणी हवं का?"
गाडीला की मला, ते सांगत नाहीत.

एकोणसत्तरची अँबेसिडर, मार्क टू.
काजूच्या कारखान्यात बत्तीस वर्षं खतावण्या लिहिल्या,
त्या पैशातून घेतली.
बेळगावचा भाऊ म्हणाला, सोनं घ्यायचंस.
त्याच्याकडे जायला घाट चढावा लागतो,
हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

वेंगुर्ल्यात, बंदराच्या रस्त्यावर
मिंगेल अल्मेडाचं गॅरेज.
केळुसकर वायरमन भंगारातल्या मारुतीचा
विजेचा पंखा काखेत मारूनच आला होता.
"जाळीच्या पुढे बसवू. तापलं की लागेल,
निवलं की आपोआप थांबेल. इंजिनावर भार शून्य."
मी काजूच्या पोत्याच्या चिठ्ठीमागे दोन रकाने आखले.
डायनॅमो : बावीस अँपिअर,
तेही गाडी पळती असेल तर.
दिवे आठ, कारण आंबोलीत धुकं.
वायपर तीन. इग्निशन चार. पंखा दहा.
जमा बावीस, खर्च पंचवीस.
असलं पान मी शेठना कधी दाखवलं नव्हतं.
"मग डायनॅमो काढू, अल्टरनेटर घालू,
वायरिंग बदलू," केळुसकर म्हणाला,
आणि त्या एका पंख्यामागून
एक वेगळीच गाडी गॅरेजात शिरू लागली.

दुसरा पर्याय खिळ्याला टांगलेला :
चार पात्यांच्या जागी सहा पात्यांचा, लोखंडी, जड.
पट्ट्यावर फिरेल, वीज मागणार नाही.
पण सपाटीवरही घोंघावेल, पेट्रोल पिईल,
आणि ओढ्याला पाणी चढलं असताना
पट्टा सैल करायला विसरले
तर डिस्ट्रिब्युटरला आंघोळ घालील.

मिंगेल इतका वेळ बोलला नव्हता.
त्यानं इंजिन सुरू ठेवलं, विडी पेटवली,
आणि रेडिएटरच्या कडेशी धरली.
धूर जाळीतून गेलाच नाही.
बाजूच्या चार बोटांच्या फटीतून वळला
आणि सरळ पंख्याकडे पळाला.
"बघ गे बाय. वारो आळशी आसता.
मोकळी वाट गावली तर कित्याक
जाळयेतसून घुसमाटत जायत?
पंखो मागीर बघू. आदी ती वाट बंद कर."

सूर्यफुलाच्या तेलाचा पंधरा किलोचा डबा
त्यानं कात्रीनं उलगडला.
गोल कापला, कडा वळवल्या, झाळल्या,
फूल आतल्या अंगाला ठेवलं.
पाती निम्मी कवचाच्या आत, निम्मी बाहेर,
हे माप त्यानं अंगठ्यानं घेतलं.
खाऱ्या वाऱ्यानं पांढऱ्या पडलेल्या जाळीला
मऊ पाण्याची धार दिली, वाकलेल्या पट्ट्या
मोडक्या फणीनं विंचरल्या.
पंखा तोच ठेवला. चार पात्यांचा, मूळचा.
पैसे किती, विचारलं तर म्हणाला,
"डब्याचे दी. तेल बायलेन वापरलां."

केळुसकरचा पंखा आता तिथेच आढ्याला आहे,
ट्रकच्या थकलेल्या बॅटरीवर फिरतो.
त्याच्याखाली बसून तो अजून म्हणतो,
"अल्टरनेटर घातला असतात तर."

काल पुन्हा दाणोली सोडली.
तिसऱ्या वळणाला काटा हलला,
पाचव्याला उंबऱ्यापर्यंत आला.
मी दगडाकडे पाहिलं, तो मागच्या सीटखाली होता.
सातव्याला काटा तिथेच,
ना आत, ना मागे.
इंजिनातून एक बारीक शिटी येत होती,
डब्याची कड कुठेतरी घासत असणार.
वर पोचले तेव्हा धुकं होतं.
चहा सांगितला, इंजिन चालूच ठेवलं,
आणि बॉनेटवर तळवा टेकला :
ताप आहे, पण
हात उचलावा लागला नाही.